शाळेच्या पायरीवरचा गूळ

माझी नात निकिता यवतमाळला राहते आणि इंग्रजी बोलायच्या एका परीक्षेचा अभ्यास करून राह्यली आहे. ती पास झाली की परदेशात नर्सची नोकरी लागते म्हणे. यंदा दिवाळीला ती तांड्यावर आली तेव्हा ओट्यावर बसून मोठमोठ्यानं पाठांतर चालू होतं. त्या परीक्षेत सांगायला लावतात, की परकी भाषा शिकलेल्या किंवा शिकायची राहून गेलेल्या एखाद्या माणसाबद्दल बोला. पोरीनं मला घेतलं. मी म्हटलं, मराठीत सांग काय लिहिलं ते. तिनं सांगितलं, "माझे आजोबा लहानपणी खूप गरीब होते, म्हणून त्यांना इंग्रजी शिकता आली नाही. त्याचं त्यांना आजही दुःख वाटतं."

"खोड ते," मी म्हटलं.

"काहून आजोबा? परीक्षकाले असंच आवडते."

"परीक्षकाले आवडते म्हणून मी गरीब होऊ? खोड."

तिनं लगेच खोडलं नाही. मोबाईल हातात धरून हसत बसली. म्हणून तिला सगळं सांगितलं, आणि आता या वयात मी हे लिहायलाही बसलो. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, आणि तीही आठवी अर्धीच. शुद्धलेखन कुणाला तपासायचं असेल त्यानं खुशाल तपासावं, मला राग येणार नाही. राग करायला माझ्याकडे दुसऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

आम्ही गोर. गावातले लोक आम्हाला बंजारा म्हणतात, कुणी लमाण म्हणतात. आम्ही आमच्या माणसाला गोर म्हणतो आणि बाकीच्या सगळ्या जगाला कोर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले. माझ्या आज्याच्या वेळी तांडा महागावच्या अंगाला टेकडीखाली बसला, तो बसलाच. मला कळायला लागलं तेव्हा घरात ज्वारीच्या कणग्या भरलेल्या असत, दावणीला बैल होते, म्हशीच्या दुधाचं दही गाडग्यात विरजत असे. पहाटे मला जाग यायची ती याडीच्या बांगड्यांनी. याडी म्हणजे आई. तिच्या दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या आणि जात्याचा खुंटा फिरला की त्या एकावर एक आपटत. जात्याची घरघर, बांगड्यांची खडखड आणि मध्ये तिचं गुणगुणणं. मग चूल पेटायची आणि बाटीचा, म्हणजे जाड भाकरीचा, खरपूस वास यायचा. गरम बाटी, तिच्यावर लसूण-मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. ज्याच्या घरी हे होतं त्याला गरीब म्हणणाऱ्यानं आधी ते खाऊन बघावं.

घरातलं सगळं बोलणं गोर बोलीत. भांडण त्यात, लाड त्यात, बैलांना हाकणंही त्यात. ते मी इथं मराठीत लिहून राह्यलो, कारण गोर बोली लिहायला मला कुणी शिकवलंच नाही. ही एक रागाची गोष्ट. तिच्यावरही येतो पुढे.

बा, म्हणजे माझे वडील, धडधाकट आणि कमी बोलणारा माणूस. त्याला सही येत नव्हती आणि त्याची त्याला लाज नव्हती. लाज त्याला एकाच गोष्टीची वाटायची. जंगल खात्याचा साहेब तांड्यावर आला की आपल्या शिपायाशी इंग्रजीत बोलायचा, आणि ते बोलणं आमच्याच गुरांबद्दल, आमच्याच चराईबद्दल असायचं. समोर उभं राहून आपल्याबद्दलचं बोलणं आपल्यालाच कळू नये, हे बाच्या काळजाला लागलं होतं. त्यानं ठरवलं की पोरगं इंग्रजी शिकेल. म्हणून टेकडी उतरून पलीकडच्या गावातल्या शाळेत मला घातलं. तांड्यावरून त्या शाळेत जाणारा मी एकटाच.

आधी मराठीच माझ्यासाठी परकी होती. ती मला कुणी शिकवली नाही. गावातल्या पोरांबरोबर बोरं पाडता पाडता, गोट्या खेळता खेळता, शिव्या खाता खाता आली. निकिता म्हणते, भाषा अशी आपोआप आली की इंग्रजीत त्याला 'पिक अप' करणं म्हणतात. म्हणजे वेचणं. हा शब्द मला पटला. कापूस वेचतात तशीच वेचली मी मराठी, बोटाला बोंडाचे काटे लागत लागत. 'आला रे लमाण्या' म्हणणारी पोरं होतीच. पण पाचवीत इंग्रजी सुरू झाली आणि एक मजा झाली. त्या तासाला कुणीच पुढे नव्हतं. पाटलाच्या पोराला जेवढी येत नव्हती तेवढीच मला येत नव्हती. इंग्रजीच्या तासाला सगळेच कोर. माझं ध्यान लागलं आणि बघता बघता मी पुढे निघालो. खोटं कशाला सांगू, मला ती भाषा आवडायची. तिच्यात कुणी मला अजून हिणवलं नव्हतं.

घरी बा पाहुण्यासमोर मला उभं करायचा. "बोल रे हिरामण, साहेबाचं बोल." मी म्हणायचो, "कम हिअर. सिट डाऊन. व्हॉट इज युअर नेम?" पाहुणे माना डोलवत. एकदा मी आमच्या ढवळ्या बैलाला 'कम हिअर' म्हटलं आणि तो खरंच चालत आला, त्याला बहुतेक माझ्या हातातली पेंड दिसली असेल. पण बा महिनाभर सांगत सुटला, "माया पोराची इंग्रजी बैलालेही समजते, साहेबाले काऊन नाही समजणार?"

मी आठवीत गेलो त्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीचं, जमनीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्न ठरलं की नवरीची एक शाळा सुरू होते. तिला रडायला शिकवतात. हे वाचून कुणी हसू नये. आमच्यात ते ओक्साबोक्शी रडणं नाही, ते गाणं असतं. त्याला ढावलो म्हणतात. नवरी एकेका माणसाच्या गळ्यात पडते आणि त्याच्यासाठी त्याचं त्याचं गाणं रडते. बापाचं वेगळं, भावाचं वेगळं, ज्या मैत्रिणीबरोबर पाणी भरलं तिचं वेगळं. शेवटी बैलाला झूल घालून सजवतात, नवरी त्याच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि बापाच्या घराला, गोठ्याला, साऱ्या तांड्याला आशीर्वाद देते. चाल ठरलेली, शब्द तिनं आपले घालायचे. ज्या नवरीला हे येत नाही तिच्या आईला नावं ठेवतात.

जमनीला शिकवायला भुरी याडी यायची. तांड्यातली सगळ्यात जुनी बाई, डोळ्याला कमी दिसायचं, पण गळा पितळेच्या घंटेसारखा. ती जमनीला जवळ घ्यायची, आपलाच पदर दोघींच्या डोईवर ओढायची आणि म्हणायची, "बेस." म्हणजे बस. मग आधी स्वतः रडायची. जमनी तिच्या मागून. जमनी पहिले दिवस नुसती हसायची. "अवं याडी, मले रडूच येत नाही, त्या घरी तर म्हशी जास्त आहेत." सगळ्या बाया खो खो हसत. भुरी याडी रागावत नसे. "येईल," म्हणायची. "तुया भावाकडे पाहून म्हण." मग जमनी माझ्याकडे बघायची, मी पुस्तक घेऊन दारात बसलेलो असायचो, आणि हसता हसता एक दिवस तिचा गळा खरंच भरून आला. त्या दिवशी भुरी याडी उठली, तिच्या तोंडात साखर घातली आणि म्हणाली, "आता आलं."

एका घरात दोघं शिकून राह्यलो होतो. ती पदराखाली, मी दारात. तिची चूक झाली तर म्हातारी तिच्याबरोबर पुन्हा रडे. माझी चूक झाली तर शाळेत हातावर छडी बसे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं, मोठी भाषा आहे, मारूनच येत असेल.

इंग्रजीचे सर त्या वर्षी नवीन आलते. यवतमाळचे, कोर्टकचेरीतल्या घरातले, पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं असतील, त्यांनी माझं काही बिघडवलं नाही. बानं जमनीच्या लग्नाला सरांना बोलावलं. स्वतः शाळेत जाऊन, पागोटं बांधून, हात जोडून बोलावलं. सर आले. त्यांच्यासाठी बाजेवर नवीन घोंगडी अंथरली. त्यांनी लापशी खाल्ली, वर तूप मागितलं, याडीनं अख्खी वाटी ओतली. जमनी बैलावर उभी राहिली तेव्हा सर बाजेवरून उठून पुढे आले आणि बघत राहिले. मला अभिमान वाटला. वाटलं, सरांनी बघावं, आमच्याकडेही काही पाठ करून म्हणतात.

जमनी त्या दिवशी अशी काही म्हणाली की बैलसुद्धा हलला नाही. बा खांबाला धरून उभा होता. मी आयुष्यात त्याला तेव्हा एकदाच रडताना पाहिलं.

लग्नानंतर मी शाळेत गेलो. सरांनी फळ्यावर नवीन धडा लिहिला होता. भाषा शिकण्याबद्दल बोलायचं कसं, त्याचा. आय अॅम लर्निंग इंग्लिश. आय स्पीक अ लिटल इंग्लिश. प्लीज स्पीक स्लोली. आणि सगळ्यात वर, व्हॉट इज युअर मदर टंग? सरांनी अर्थ सांगितला, आईची भाषा, मातृभाषा. मग ओळीनं एकेकाला उभं केलं. एकेक जण उठून म्हणाला, "माय मदर टंग इज मराठी." माझी पाळी आली. मला अर्थ नीट कळला होता. माझ्या आईची भाषा कोणती हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"माय मदर टंग इज गोर बोली," मी म्हटलं. वाक्य बरोबर होतं. आजही बरोबर आहे, निकितानं तपासलं.

सर थांबले. "काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हटलं.

"ती भाषा नाही," सर म्हणाले. "भाषेला लिपी लागते, पुस्तकं लागतात. ती तुमची तांड्यावरची... मी ऐकून आलो ना परवा." आणि ते हसले. "मराठी म्हण."

"नाही सर. माझ्या याडीची गोर बोली आहे."

"बाकावर उभा राहा. हात वर कर."

मी उभा राहिलो. दोन्ही हात वर केले. ती शिक्षा नेहमीचीच होती, तिचं मला काही नव्हतं. पण सरांनी मला खालून वर बघितलं आणि त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. ते वर्गाला म्हणाले, "पोरांनो, बघा. अशीच ह्याची बहीण बैलावर उभी होती. हात असेच वर." मग मला म्हणाले, "हं, आता रड तिच्यासारखा. ऐकू दे तुझी मदर टंग." आणि स्वतःच गालावर हात ठेवून, बारीक आवाज काढून, जमनीची चाल काढायला लागले. चाल त्यांनी बरोबर पकडली होती. हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. कान चांगला असून माणूस असं करतो.

सगळा वर्ग हसला. पाटलाचं पोरगं बाक बडवायला लागलं. मी खाली उतरलो. टेबलाजवळ गेलो. छडी उचलली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि दोन्ही तुकडे टेबलावर नीट ठेवले. सरांच्या अंगाला मी हात लावला नाही. त्यांनी मात्र मला हातानं, लाथेनं, जसं जमेल तसं मारलं आणि बाहेर काढलं.

घरी गेलो तर बानं तोंड बघूनच विचारलं, "कांई वेगो?" काय झालं. मी सगळं सांगितलं. याडीनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि आग विझू दिली. बा तसाच उठून सोमला नायकाकडे गेला. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य.

आता जे झालं ते फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. दुसऱ्या कुणी जाऊन अर्ज दिला असता, नाही तर सरांना वाटेत गाठून चोप दिला असता. आमच्या तांड्यावर भांडण झालं की नसाब बसते. पंचायत. घोंगडी अंथरतात, काठ्या लांब एका जागी ठेवतात, म्हणजे कुणाच्या हातात हत्यार नाही. दोन्ही बाजू समोर बसून बोलतात, पोटातलं सगळं बाहेर काढतात. नायक निकाल देतो. मग दोघांनी एकाच ढेपेचा गूळ खायचा. गूळ खाल्ला की ती गोष्ट मेली. पुढे जो कुणी ती उकरून काढेल तो दोषी. आमच्या म्हाताऱ्यांना जगात न्यायाची दुसरी कुठली रीत असेल असं वाटलंच नाही. सरांनी आमच्या पोरीची टवाळी केली, पोरानं त्यांची छडी मोडली. म्हणजे नसाब बसली पाहिजे. आणि सर पाहुणे, त्यांना तांड्यावर कसं बोलवायचं? आपणच जाऊ.

दुसऱ्या दिवशी पांढरी पागोटी बांधून तांड्याची म्हातारी माणसं टेकडी उतरली. शाळेच्या आवारात लिंबाखाली घोंगडी अंथरली. काठ्या फाटकापाशी एकत्र रचून ठेवल्या. मधोमध फडक्यावर गुळाची ढेप. मी बाच्या मागं बसलो. सोमला नायकानं हाक दिली, "सर, या. बसा. तुमचं बोला, आमचं ऐका."

आत काय दिसलं असेल? वीस-पंचवीस लमाण आणि फाटकापाशी काठ्यांचा ढीग. वर्गाचं दार धाडकन बंद झालं. आतून कडी लागली. खिडकीतून शाळेचा शिपाई गणपत तेवढा डोकावला.

"नायक, कायले आले बा तुम्ही? सर म्हणून राह्यले पोलीस बोलावतो."

"पोलीस कायले?" नायक म्हणाला. "काठ्या तर आम्ही तिकडं ठेवल्या. दिसत नाहीत का त्यायले?"

"तेच तर दिसून राह्यलं!"

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. काठ्या लांब ठेवल्या म्हणून माणूस घाबरतो, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. गणपत आत जाऊन परत आला. "मोठे गुरुजी म्हणतात अर्ज लिहून द्या."

"अर्ज नको," बा म्हणाला. "त्याचं तोंड पायजे. समोर येऊन बोल म्हणा. मी हात जोडून बोलावलं तवा आला, तूप मागून खाल्लं. आता बी हात जोडूनच बोलावतो."

नायकानं रीतीप्रमाणे तीन वेळा नाव घेऊन हाक दिली. दार उघडलं नाही. मग सावली लिंबाच्या दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत सगळे बसून राहिले, तंबाखू मळली, कुणी आवाज चढवला नाही. शेवटी नायक उठला आणि बंद दाराकडे तोंड करून निकाल दिला. सरांनी लेकीच्या रडण्याची नक्कल केली, चूक सरांची. पोरानं गुरूची छडी मोडली, चूक पोराची. पोरानं आपल्या हातानं नवी छडी कापून आणून द्यावी. सरांनी गूळ खावा. गोष्ट संपली. गुळाची ढेप फडक्यासकट शाळेच्या पायरीवर ठेवली, सगळ्यांनी आपापली काठी उचलली आणि आम्ही घरी आलो. वाटेत बा खूश होता. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चांगला निकाल झाला. दोघायचाही मान राह्यला."

मी धामणाची सरळ फांदी शोधली. साल काढली, काचेच्या तुकड्यानं घासली, तेल लावलं. जी छडी मोडली तिच्यापेक्षा देखणी झाली. सकाळी ती घेऊन शाळेत गेलो.

शिक्षकांच्या खोलीत चहा चालला होता. टेबलावर आमचंच फडकं आणि त्यावर फोडलेली ढेप. गणपतनं गुळाचा चहा केला होता आणि सरांच्या हातात कप होता, वर बोटांत गुळाचा खडा. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. निकाल पुरा झाला होता. मी छडी पुढे केली.

"वा," सर म्हणाले. "गूळ चांगला आहे रे तुमच्याकडचा." छडी हवेत फिरवून पाहिली. "ही पण चांगली आहे. चल आता वर्गात. सगळ्यांसमोर उभा राहा आणि सॉरी म्हण. इंग्रजीत. मग बस जागेवर."

मला वाटलं ते विसरले. "सर, तुम्ही गूळ खाल्ला ना?"

"खाल्ला की."

"मग गोष्ट संपली. छडीपण आणली मी."

खोलीतले सगळे हसले. मोठे गुरुजी म्हणाले, "अरे, गुळानं काय होतं? सॉरी म्हणतोस की नाव काढू? एक शब्द आहे. येतो ना तुला?"

येत होता. आय अॅम सॉरी. पाचवीतच शिकलो होतो. स्पेलिंगही येत होतं. मी आठवीतल्या पोराच्या डोक्यानं विचार केला आणि तोच विचार मी आज म्हातारपणी करून बघतो, तर त्यात मला खोट सापडत नाही. माझी चूक मी भरून दिली होती. धामणाची छडी त्यांच्या हातात होती. त्यांची चूक त्यांच्या तोंडात विरघळून राह्यली होती. आता मी तो शब्द दिला, तर तो छडीसाठी नव्हता. तो 'माझ्या आईची भाषा गोर बोली' म्हटल्याबद्दल होता. जमनी बैलावर उभी राहिली त्याबद्दल होता.

"नाही म्हणत," मी म्हटलं आणि दप्तर उचललं.

घरी याडी म्हणाली, "म्हणून टाक ना बेटा. एकच तर शब्द. आम्हाला तर समजतबी नाही त्याचा अर्थ." ती रडत होती. तिला भीती वाटली की तिच्या बोलीमुळे माझं शिक्षण जातं. बानं मला फक्त एक विचारलं, "त्यानं गूळ खाल्ला? तू डोळ्यानं पाहिलं?"

"पाहिलं. चहातबी टाकला."

बा बराच वेळ बैलाची पाठ खाजवत उभा राहिला. साहेबाचं बोलणं समजणारं पोरगं त्याला पाहिजे होतं, अख्ख्या आयुष्यात दुसरं त्यानं काही मागितलं नव्हतं. मग म्हणाला, "गूळ खाऊन जो फिरतो, त्याच्यापाशी काय शिकतो तू? उद्यापासून वावरात ये." त्या दिवसानंतर त्यानं पाहुण्यासमोर मला कधी उभं केलं नाही. जंगलाचे साहेब येत राहिले, इंग्रजीत बोलत राहिले. बा खाली बघत उभा राहायचा, आणि मी त्याच्या बाजूला. अर्धं मला कळायचं. ते अर्धं कळणं जास्त वाईट होतं.

जमनी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिला कुणीतरी वाटेतच सांगितलं होतं. आमच्यात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बाया आधी गळ्यात पडून रडतात, मग बोलतात. ती बैलगाडीतून उतरली, याडीकडे न जाता माझ्याकडे आली आणि माझ्या गळ्यात पडून ढावलो म्हणायला लागली. भुरी याडीनं शिकवलेलीच चाल. शब्द तिचे. त्यात माझं दप्तर आलं, शाईची दौत आली, टेकडीवरची पायवाट आली, माझ्या भावाची खुर्ची कुणी ओढली असं काहीतरी आलं. अख्खा तांडा ऐकत होता. मी तिला म्हटलं, "पुरे वं, मी मेलो नाही." तिनं गाण्यातच मला गप्प राहायला सांगितलं.

ते गाणं कुठं लिहिलेलं नाही. म्हणून सरांच्या हिशेबानं ती भाषाही नव्हती आणि ते गाणंही नव्हतं.

आता माझा पोरगा. यवतमाळला गेला, नोकरी लागली, चांगलं झालं. त्यानं घरात गोर बोली बंद केली. म्हणे पोरीच्या बोलण्यात हेल येतो, शाळेत हसतात. ज्या हसण्यापायी मी शाळा सोडली, त्याच हसण्याला भिऊन माझ्या पोरानं भाषा सोडली. हे मी त्याला तोंडावर बोललो आहे, इथंही लिहितो. माझी नात मला दादा म्हणत नाही, आजोबा म्हणते. आमच्यात बापाच्या बापाला दादा म्हणतात. तिच्या अभ्यासात एक शब्द आहे, वापरली नाही तर भाषा 'रस्टी' होते, गंजते. मी तिला म्हटलं, विळा आपोआप गंजत नाही. कुणीतरी त्याला पावसात टाकून जातं.

हे सगळं मी तिला याच दिवाळीत, ओट्यावर बसून सांगितलं. ती हसायची थांबली. मोबाईल बाजूला ठेवला.

"मग मी काय लिहू आजोबा?"

"लिव्ह, आजोबाले इंग्रजी येत होती. एक शब्द त्यायले मागितला, तो त्यायनं देल्ला नाही."

"कोणता?"

मी सांगितला. तिला आधी खरं वाटलं नाही. "सॉरी? हा तर मी दिवसभर म्हणते. बसमध्ये, कॉलेजात, कोणाले धक्का लागला तरी."

"म्हण," मी म्हटलं. "तुले बाकावर उभं करून कोणी म्हणायले लावत नाही. म्हणून म्हण. ज्या दिवशी लावतील, त्या दिवशी नको म्हणू."

तिनं आपलं वाक्य खोडलं. मग विचारलं, "आन सुरुवातीले ते विचारतात, मदर टंग कोणती. तिथं मी मराठी लिहिलं आहे."

आत चुलीपाशी जमनी बसली होती. आता तिचे सगळे दात गेलेत, दिवाळीला येते, आल्यावर अजूनही आधी रडते. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं. तिनं निकिताला हाक मारली, आपल्या पदराचं टोक उचललं आणि जागा करून दिली.

"बेस," ती म्हणाली.